वीतभर कोरी जागा

खडीदादाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. रस्त्याचा चार मैलांचा पट्टा त्याच्याकडे होता. खड्डा आधी चौकोनी कापायचा, तळ झाडून घ्यायचा, मग खडी बसवायची, डांबर ओतायचं आणि धुम्मसाने ठोकायचं. बाकीचे कापायचा कंटाळा करतात, म्हणून खड्डा महिन्यात उखडतो. त्याचा उखडलेला मी पाहिला नाही.

लढाईच्या पहिल्याच थंडीत त्याचा थोरला मुलगा पडला. घरी आलं ते नुसतं पत्र. पोरगा ज्या वळणावर लॉरीत चढला होता, तिथेच रस्त्याकडेला त्याच्या नावाचा दगड उभा करायचं बापाने ठरवलं. चौथरा त्याने स्वतः बांधला, ओळंबा लावून. दगड मी घडवला.

नाव, वय, पलटणीचा आकडा. त्याखाली वीतभर जागा मी कोरी सोडली. आमच्या कामात सोडतातच. अक्षरं तळापर्यंत नेली की दगड कोंडल्यासारखा दिसतो. धाकटाही त्याच आघाडीवर आहे, हे मला ठाऊक होतं. तरी हात सवयीने चालला.

आठवडाभराने, काम चालू असताना, टोळीतला रोलरवाला हसत म्हणाला, “काय दादा, बसमध्ये रुमाल टाकतात तशी खाली जागा धरलीय वाटतं?”

कोणी हसलं नाही. बोलणाऱ्याचंही तोंड उतरलं. दादाने घमेलं खाली ठेवलं आणि तो तडक माझ्याकडे आला.

“मिस्त्री, ती जागा काढ.”

“तिथे वेल कोरून देतो ना. शोभेल.”

“वेल तासून नाव घालता येतं की नाही? तूच सांग.”

येतं. 

“धाकट्याचं शेवटचं पत्र येऊन एकवीस दिवस झाले. त्याची आई त्या वळणावरून जायची बंद झालीय. म्हणते, दगड वाट बघतोय.”

“दादा, बसवलेला दगड उतरवून कापायचा म्हणजे तडा जाऊ शकतो. थोरल्याचं नावही जाईल.”

“मग जाणार नाही असा काप.”

दोन दिवस लागले. वळणावरच दगड आडवा घातला, रेघ मारली, दोन-दोन बोटांवर भोकं पाडून पाचरी बसवल्या. एका पाचरीवर एकच टोला, मग पुढची, मग पुन्हा पहिलीपासून. घाई केली की दगड मनाला येईल तिथे फुटतो. दादा पाणी मारत होता. लष्कराची जीप आली की दोघांचे हात थांबायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक जीप वेग कमी करत आली. चालकाने मान बाहेर काढून दगडाकडे पाहिलं, मग दादाकडे. काही न विचारता गाडी दादाच्या घराच्या रस्त्याला वळली.

मी हातोडा खाली ठेवला.

“मार,” दादा म्हणाला. “आधी हे संपव.”

दगड रेघेवर सुटला. नावाला धक्का लागला नाही. कापलेली पट्टी दादाने घणाने फोडून खडीएवढी केली, पलीकडच्या खड्ड्यात भरली आणि वरून डांबर ओतून ठोकली. मग आम्ही दगड चौथऱ्यावर परत चढवला. त्याने ओळंबा लावून पाहिला. दोनदा.

दादाचा पगार त्याच सकाळी झाला होता. मी पैसे नको म्हणालो.

“फुकटातलं काम मी धरत नाही,” तो म्हणाला. पगाराचं पाकीट न फोडता माझ्या हातावर ठेवलं आणि घराकडे निघाला. महिनाभराच्या मेहनतीतून त्याने विकत घेतलं ते एवढंच: एक वीत कमी दगड.