जमिनीला न टेकलेली कळशी

उन्हाळ्यात आमची मंडळी ओट्यावर तूर निवडता निवडता कलली आणि हातातलं सूप सुटून पडलं. नांदेडला दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ झाली आहे, आत्ताच काही सांगता येत नाही. नऊ दिवस तिनं डोळा उघडला नाही. मी सणावारी देवाला हात जोडणारा माणूस, तेही रीत म्हणून. मागितलं कधी काही नाही. माणसाजवळ नाही आणि देवाजवळही नाही. आपल्या मनगटावर जगलो, याची मला लय घमेंड होती. पण नवव्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून मी आमच्या गावच्या महादेवाला बोललो, "हिला उठव. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गंगाखेडहून गंगेचं पाणी आणून तुला घालीन. सायकलवर आणीन, एकटा आणीन, कुणाचा हात लागू देणार नाही." गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. कुणाचा हात लागू देणार नाही, हे देवानं मागितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं जोडलं. त्या वक्ताला मात्र ती मोठी भक्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. डॉक्टरांनी औषध दिलं होतं आणि मी नवस बोललो होतो, कशानं काय झालं हे ठरवणारा मी कोण? जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. हं, ना, फार तर एखादा तुटका शब्द. जिच्या बडबडीला मी पन्नास वर्षं वैतागलो, तिच्या एका शब्दासाठी घर कान लावून बसायचं. माझ्या मनात तर एकच भीती होती, की नवसात कसूर झाली तर देवानं दिलेलं माघारी जाईल.

श्रावण आला तसा थोरला मुलगा मागं लागला. "आबा, सत्तरी उलटली तुमची. मी मोटरसायकलवर नेतो, कळशी तुमीच धरा."

"नवस तुझा हाय का माझा?"

"अवो, चढ लय हायेत त्या रस्त्याला."

"त्या चढांवर मी सायकल मारायचो तवा तू पाळण्यात मुतायचास."

रविवारी सायकलवर गंगाखेडला गेलो, पाहुण्यांकडं मुक्काम केला आणि सोमवारी उजाडायला गंगेत बुडी मारून तांब्याची कळशी भरली. आमच्याकडची रीत अशी, की गंगेत भरलेली कळशी देवापर्यंत कुठं जमिनीला टेकवायची नाही. टेकली की ते पाणी देवाचं राहत नाही, माघारी जाऊन पुन्हा भरावी लागते. आणि दुपारच्या नैवेद्याच्या आत ती देवाला घालायची. म्हणून गावातली माणसं चौघं-पाचजण मिळून जातात, एक थकला की दुसऱ्याच्या हातात देतात. मी एकटा. कळशीच्या तोंडावर फडकं आवळलं, नव्या कापडानं ती हँडलला बांधली आणि निघालो.

गंगाखेड सोडून पालमकडं निघालं की रस्ता एकदा वर चढतो, एकदा खाली उतरतो. खाली काळ्या रानात सोयाबीन, वर मुरमाड माळ. मधूनमधून एखादं गाव लागतं आणि गावाच्या डोक्यावर जुनी गढी. कुणा देशमुखाची, कुणा पाटलाची, आता नाव सांगणारंही कुणी उरलं नाही. बुरूज ढासळलेले, भिंतीतून पिंपळ फुटलेले. मी किलोमीटरचे दगड बघत नाही, गढ्या मोजतो. पहिल्या गढीपर्यंत दम टिकतो, दुसरीला मांड्या तापतात आणि पालमच्या पुढं तिसरी गढी दिसली की घर दहा किलोमीटर राहतं. त्या दिवशी पाय असे चालत होते की वाटलं, थोरल्याला इथं उभं करून दाखवावं. एक शाळेचे मास्तर स्कूटरवरून जाता जाता ओरडले, "बाबा, शर्यत लावली का कुणाशी?" मी म्हणालो, "लावली असती, पण जोडीदार सापडंना."

तिसऱ्या गढीच्या चढाला मागचं चाक बसलं.

पंक्चर काढणं मला नवं नाही. पाना, पंप, सोल्युशन सगळं पिशवीत होतं. पण सायकल उलटी करायची तर आधी कळशी सोडावी लागते, आणि सोडून ठेवायची कुठं? रस्ता रुंद करताना कडेची झाडं तोडलेली, टांगायला फांदी नाही. गढी होती, पण तिची भिंतही मातीचीच. एक जीपवाला थांबला. "बसा बाबा, सायकल टपावर टाकतो." मी म्हणालो, "बसूनच यायचं असतं तर सायकल काढली कशाला?" तो हसून गेला. मी तसंच ढकलत निघालो, तर टायर रिममधून सुटायला लागला, सायकल डुलायला लागली आणि फडक्यातून पाणी झिरपायला लागलं. ऊन डोक्यावर येत चाललं होतं. तोवर मला माझ्या शब्दाची फिकीर होती. तिथं पहिल्यांदा मंडळीचा चेहरा डोळ्यापुढं आला.

गढीच्या पायथ्याला, पडक्या दरवाजाच्या दगडावर एक बाई बसली होती. चाळिशीची असंल. कमरेला खुरपं, मांडीवर भाकरीची पिशवी. खुरपायला निघालेली.

"काका, मघापासून बघायलेय मी," ती म्हणाली. "एक हात कळशीला, एक सायकलीला. तिसरा कुठून आणायलाव?"

"नवसाचं पाणी हाय. खाली टेकवायचं न्हाई."

"मंग कुणाला धराय द्या की."

"दुसऱ्याचा हात लावायचा न्हाई, असं बोललोय देवाला."

"देवानं सांगितलं व्हतं का तसं?"

मी कळशीचं फडकं आवळायला लागलो.

"न्हाई ना? मंग बसा हितंच. दुपार झाली की घाला पाणी ह्या बुरजाला. त्योबी लय दिवसाचा तहानलेला हाय."

राग आला. तू कोणत्या घरची, हे विचारायचं अगदी ओठावर आलं होतं, ते आज कबूल करतो. गिळलं. समोर दहा किलोमीटर रस्ता आणि घरी ती मुकी बसलेली. शेवटी म्हणालो, "बाई, एवढी कळशी धरतीस का?"

सत्तर वर्षांत कुणा माणसापुढं केलेली ती माझी पहिली याचना.

तिनं काही न सांगता चपला काढल्या. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. "हातात नगं, हातानं माणूस थकतंय. डोक्यावर द्या. गावात नळ यायच्या आधी खालच्या आडावरून दोन-दोन घागरी वाहिल्यात म्या. तुमी निवांत करा तुमचं काम."

मी कळशी तिच्या डोक्यावर दिली. ती दरवाजात सरळ उभी राहिली, आणि मी सायकल उलटी केली. ट्यूब काढली, हवा भरली, पण भोक सापडेना. कानाशी धरली, गालाशी धरली. माळावरच्या वाऱ्यात काही कळेना. ट्यूब पाण्यात बुडवल्याशिवाय बुडबुडा दिसणार नाही, आणि पाणी होतं ते देवाचं. तिला मान हलवता येत नव्हती. तशीच समोर बघत म्हणाली, "पिशवीत बाटली हाय, घ्या."

"ते तुझं प्यायचं हाय. रानात काय पिशील?"

"रानात हीर हाय. घ्या म्हणते ना. लय हट्टी माणूस दिसताव."

"घरचेबी तेच म्हणतात."

"मंग खरंच असंल."

गढीचा दरवाजा कधीचाच गेला, पण त्याचा खालचा दगड अजून जागेवर आहे. दार ज्यात फिरायचं, तो खळगा त्या दगडात घोटून गुळगुळीत झालेला. त्यात तिचं पाणी ओतलं, ट्यूब फिरवत गेलो, आणि एका जागी बारीक बुडबुडे वर आले. बाभळीचा काटा. घासलं, सोल्युशन लावलं, ठिगळ बसवलं, टायर चढवला. अर्धा तास तरी गेला असंल. मधूनमधून ती विचारायची, "झालं का?" आणि मी "होतंय, होतंय" म्हणायचो. "तुला उशीर झाला, रानातल्या बाया बोलतील," म्हणालो तर म्हणाली, "त्या रोजच बोलतात. आज काय तरी कारण तर मिळंल."

कळशी पुन्हा बांधली, तिच्या डोक्यावर असताना एक थेंबही सांडला नव्हता. मला नैवेद्याची घाई. "येतो बाई," एवढंच म्हणालो आणि टांग मारली.

देवळात पोचलो तेव्हा नैवेद्याची ताटं यायला लागली होती. सुनेनं मंडळीला आणून पायरीवर बसवलं होतं. लोकांनी गलका केला, "या वयात एकट्यानं आणलं! ह्याला म्हणतात नवस!" गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण पिंडीपुढं उभं राहून कळशीचं फडकं सोडताना खोटं बोलवेना. मोठ्यानं बोललो, "महादेवा, बोललो होतो ते पूर्ण झालं नाही. तिसऱ्या गढीपाशी एका बाईनं ही कळशी डोक्यावर धरली, आणि तिच्या प्यायच्या पाण्यानं माझं पंक्चर निघालं. एकट्यानं आणलेलं पाणी नाही हे. चालत असंल तर घे. शिक्षा द्यायची तर मला दे, हिला देऊ नको." आणि पाणी घातलं.

तेवढ्यात मागून पायरीवरून आवाज आला. जड, अडखळत, पण एकेक शब्द सुटा. "तिला... जेवायला... बोलावलं का?"

चार महिन्यांतलं तिचं पहिलं अख्खं वाक्य, आणि तेही माझी चूक काढणारं. सून तोंडाला पदर लावून रडायला लागली. जेवायला सोडा, मी नावही विचारलं नव्हतं.

तसाच उपाशी, प्रसादाचा डबा घेऊन माघारी निघालो. थोरला म्हणाला, "आबा, मी सोडू का गाडीवर?" मी म्हणालो, "सोड." तो माझ्याकडं बघतच राहिला. गढीखालच्या रानात दहा-बारा बाया ओळीनं खुरपत होत्या, सगळ्यांच्या डोक्याला रुमाल, तोंडं खाली. बांधावरून हाक मारली, "सकाळी नवसाची कळशी धरणारी बाई कोण तुमच्यात?" सगळ्या एकमेकींकडं बघून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "कळशी कुणी धरली ठावं न्हाई, पण परसाद आणला असंल तर द्या." मी डोळे बारीक करून बघितलं. मला तिचा चेहरा ओळखू येईना. सकाळी मी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं, माझं सगळं ध्यान कळशीवर होतं.

मग ओळीनं जाऊन सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि प्रत्येकीला वाकून नमस्कार केला. बाया संकोचल्या, कुणी म्हणाली, "काका, असं काय करताव?" मी म्हणालो, "घ्या बाई, तुमचाच हाय." ती त्यांच्यात होती की नव्हती, आजही सांगता येत नाही. आमची मंडळी आता हळूहळू बोलते, मला रागवते सुद्धा, आणि मी बसून ऐकतो. देवाला भरलेली कळशी लागते हे मला ठाऊक होतं. ती दुसऱ्याच्या डोक्यावर देण्याइतकं वाकावंही लागतं, हे त्यानं मला या वयात शिकवलं. उशिरा का होईना शिकवलं, त्याचे उपकार.