स्वयंपाकघराच्या दारातलं फाटक

माझ्या सासऱ्यांइतका खरा माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्या खरेपणाने मला जेवढं छळलं तेवढं कुणाच्या लबाडीनेही छळलं नाही. वसमतच्या घरात त्यांनी बैठकभर रेल्वे मांडली होती. छत्रीच्या काड्यांचे रूळ, आगपेटीच्या काड्यांचे स्लीपर, टेपरेकॉर्डरच्या मोटारीवरचं इंजिन, मालडब्यांत खरी हळकुंडं; सगळं गावातल्या छोट्या लाईनसारखं. ‘खेळणं’ म्हटलेलं खपत नसे. रूळ स्वयंपाकघराच्या दारातून, कंबरेएवढ्या उंचीच्या एका फळीवरून जात. गाडीची वेळ झाली की एरवी वर उचललेली फळी खाली यायची आणि दार बंद. स्टेशनावरून खऱ्या गाडीची शिट्टी आल्याशिवाय यांची गाडी हलत नसे.

माझ्या दिवाळसणालाच खरी गाडी रखडली. मी पाटावर, मामी, म्हणजे सासूबाई, पुऱ्या घेऊन फळीपलीकडे.

“वरूनच द्या ना, मामी.”

“फाटक बंद असताना?” सासरे कडाडले. “जावईबापू, तुमी शिकलेले ना?”

“तुमची गाडी येईस्तोवर पुऱ्या चामट होऊन राहिल्या,” मामी म्हणाल्या. पण हात फळीवरून पुढे केला नाही. जावयाचा असा सन्मान जिल्ह्यात दुसरीकडे झाला नसेल.

पुढे मोठी लाईन, म्हणजे ब्रॉडगेज, टाकायला छोटी बंद झाली. यांनीही घरातले रूळ उखडले. मग सायकलवर जाऊन काम कुठवर आलं ते बघायचं आणि घरीही तिथवरच नवे रुंद रूळ टाकायचे. शेवटी दारातल्या फळीवरचे दोन हात रूळ तेवढे टाकायचे उरले. पावसाने तिकडचं काम थांबलं, तसं इकडचंही.

“टाकून द्या की,” मी चिडून म्हणालो. “कोण बघतंय?”

“तिकडं न्हाई तर हितं कसं टाकू? खोटं व्हईल.”

त्याच पावसाळ्यात ते गेले. कपाटात रुंद चाकांचं नवं इंजिन निघालं, एकदाही न चालवलेलं. एवढं खरं वागायची काय गरज होती? तो राग अजून गेलेला नाही.

तिकडचं काम पुरं झाल्यावर ते दोन हात रूळ मी टाकले, वाकडेतिकडे. मोठ्या लाईनवरून पहिल्या गाडीची शिट्टी आली तेव्हा मामी चहा घेऊन येत होत्या. फळी वरच होती, दार मोकळं होतं. त्या उंबऱ्याआत थांबल्या.

“या ना, मामी.”

“फळी खाली घ्या आधी, जावईबापू. गाडी येऊन राहिली.”

मी फळी खाली घेतली. कपाटातलं नवं इंजिन अडखळत निघालं आणि आम्हा दोघांमधून सावकाश गेलं. चहा निवला होता. निवलेला चहा मला मुळीच चालत नाही. त्या दिवशी सगळा प्यालो.