तांडेलकाकांची गाठ

तांडेलकाकांना गळती सहन होत नसे. मग ती होडी असो, नळ असो की मोटार. अर्नाळ्याला जन्मभर होडीचं सुकाणू धरून तांडेलकी केली, गुडघे गेले तेव्हा होडी विकून जुनी गाडी घेतली. पण स्वभाव कुठे विकता येतो? विरारला फुलपाड्यातल्या माझ्या गॅरेजात शिरताना ते मलाच दटावत, "मेस्त्री, पानी आत आलं की संपलं."

गाडी घेतली होती काकींसाठी. त्यांना एक दिवसाआड डायलिसिसला विरारला आणावं लागे आणि रिक्षाच्या धक्क्यांनी त्यांना उलट्या होत. काकींना चालावं लागू नये म्हणून काका वाळत घातलेल्या बोंबलांमधून गाडी उलटी घेत थेट दाराला लावत. मागच्या काचेवर खाऱ्या वाऱ्याची पुटं, म्हणून बटण दाबून गाडीतल्या फवाऱ्याने सारखं पाणी मारत. नेमका त्या पाण्याचाच पाइप डिकीच्या बिजागरीपाशी चिरला.

"अख्खा पाइप बदलावा लागेल, छताचं कापड उतरवून. दोन दिवस गाडी सोडा," मी म्हणालो.

"आनि मधेच म्हातारीला धाप लागली तर? गाडी नाय सोडनार."

मग त्यांनी स्वतःच जाळ्याच्या दोऱ्याने चीर बांधली. जाळी विणलेल्या हाताची गाठ ती! इतकी आवळली की पाणी काचेपर्यंत जाईना. अडलेल्या पाण्याच्या दाबाने छतातला जोड सुटला आणि धार काकींच्या डोक्यावर. काकी टॉवेल घेऊन बसू लागल्या. मला हळूच म्हणाल्या, "त्यांना सांगू नको. गळतं का विचारतात, मी नाय म्हनते."

मी गाठ सोडवायचो, ते पुन्हा बांधून आणायचे. मी वैतागून म्हटलं, "काका, बाटलीने पाणी मारा की काचेवर."

"गळती तशीच ठेवून तांडेल बंदर सोडत नाय."

काकींचा चेहरा आठवड्यागणिक सुजत चालला होता. हॉस्पिटलवाले आता नुसते मान हलवत. काकांना हे कळत नव्हतं असं नाही, पण आम्ही दोघं पाइपाबद्दलच बोलायचो. मला त्यांची फार कीव यायची आणि तोंडातून निघायचं ते रबराविषयीच.

एका सकाळी ते एकटेच आले. किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"पाइप बदल."

"आज तर हॉस्पिटलचा दिवस ना?" मी विचारलं.

"नाय," ते म्हणाले. "गाडी ठेव. कितीबी दिवस ठेव."