जाणाऱ्याची पेटी

रूथबाईंची नि माझी पहिली ओळख त्यांच्या रागावण्यातून झाली. नांदगाव खंडेश्वरहून येऊन अमरावतीच्या आमच्या मिशन दवाखान्यात मी नुकतीच नर्स म्हणून लागले होते. कळा देणाऱ्या एका बाईला मी "थांब जरा" म्हणाले, तोच मागून आवाज आला, "काहून थांबावं तिनं? बाळ काय तुह्या घड्याळावर येते?" त्या आमच्या मेट्रन होत्या. दुपारी मात्र मी उपाशी आहे हे ओळखून आपल्या डब्यातली अर्धी भाकर त्यांनीच माझ्यापुढं ठेवली.

आमच्या संस्थेच्या दोन नर्सेस दरवर्षी आफ्रिकेतल्या एका डोंगराळ गावच्या प्रसूतिगृहात सेवेला जात. निवृत्तीनंतरही हे काम बाईच पाहतात. मी घरी देवापुढं दिवा लावून ड्यूटीवर येणारी, पण त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीत मला कधी परकं वाटलं नाही. या सेवेची एक रीत होती. जाणाऱ्यानं आपली पेटी स्वतः भरायची नाही. "आपण भरली का आपल्याले लागते तेच भरतो. तिथल्याले काय लागते ते राहूनच जाते," बाई म्हणत.

बऱ्याच वर्षांनी माझी पाळी आली. बाईंनी स्वतः माझी पेटी भरली, कुलूप लावलं. आणि तिकडे दंगली उसळल्या! विमानं रद्द, व्हिसा अडकलेला. तिथली नर्स ग्रेस एकटी पडली. साधं बाळंतपण ती करी. बाळ पायाकडून आलं की तिचा इलाज नसे, आणि शहराकडं नेणारा रस्ताही बंद झालेला. संस्थेच्या समितीतले काही जण म्हणाले, ही परदेशी सेवा आता बंदच करा, मेळघाटात काम कमी आहे काय? मी म्हणाले, "मले पाठवा, बाई. व्हईल ते व्हईल." बाईंनी साफ नकार दिला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मग रविवारच्या प्रार्थनेनंतर बाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "चूक माही आहे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं आपण गेलो, बाळंतपणं केली, वापस आलो. ग्रेसच्या हाताले काईच शिकवलं नाही. म्हणून आपण अडलो, तं तिथल्या बाया बी अडल्या." या वयात, या मानाच्या जागेवरून असं कबूल करायला छाती लागते. माझा राग तिथंच विरघळला, आणि लाजही वाटली.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी व्हिडिओ फोनवर शिकवणी सुरू झाली. कापडाची बाहुली हातात धरून बाई दाखवत, तिकडे ग्रेस तसंच करी. पुढं दंगली निवळल्या आणि ग्रेसला भारताचा व्हिसा मिळाला, तेव्हा बाईंनी तिला चार महिने अमरावतीत नव्हे, मेळघाटातल्या धारणीला ठेवलं. "इथं मशिनी आहेत, तिच्या गावात नाहीत. जीप फसते तिथंच तिले शिकू द्या." सोबत मी होते. 'जोर लाव माय' हे ग्रेसचं पहिलं मराठी वाक्य.

ती परत निघाली तेव्हा बाईंनी तशीच कुलूपबंद राहिलेली माझी पेटी तिच्या हाती दिली. "बाई, पेटी माही आहे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"जाणाऱ्याची आहे," बाई म्हणाल्या.

ग्रेसनं कुलूप उघडलं. सगळ्यात वर बाईंची बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी होती. आम्हाला त्या नळीला हातही लावू देत नसत, आणि माझ्यासाठी त्यांनी ती ठेवली होती! मी तिथंच ढसाढसा रडले.

परवाच्या गुरुवारी ग्रेसचा फोन आला. पायाकडून आलेलं बाळ तिनं एकटीनं सुखरूप बाहेर काढलं होतं, आणि फोन तिनं त्याच्याजवळच धरला होता. बाईंना आता कमी ऐकू येतं. माझा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "रडलं काय वं?"

"रडलं, बाई. खणखणीत रडलं."

बाई, आज तुमची पंचाहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. तब्येतीला जपा. तुमचे कान थकले तरी काळजी करू नका. कुठलंही बाळ रडलं की तुम्हाला सांगायला मी शेजारी बसलेली असेन.