के. पी. वसंत

कुर्डुवाडी स्टेशनावर मद्रासकडे जाणारी गाडी उशिरा येणार होती, आणि नाना, म्हणजे माझे वडील, माझ्याशी एक शब्द न बोलता बॅगेच्या चेनला ग्रीस लावत बसले होते. खरोखरीचं ग्रीस. बार्शीत आमचं सायकलचं दुकान होतं, 'वसंत सायकल मार्ट', आणि ग्रीसची डबी खिशात असल्याशिवाय नाना घराबाहेर पडत नसत. चेन चांगली होती, तिला काही झालं नव्हतं. पण हाताला काम नसलं की नानांना बोलावं लागलं असतं, आणि बोलायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, जाऊ नकोस म्हणायची. गाडी आली. मी खिडकीशी बसलो. नानांनी गजांतून हात घालून माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "नाव काढ." गाडी हलली तसे ते चार पावलं बरोबर चालले, मग गुडघ्यानं दगा दिला म्हणून थांबले. माझ्या शर्टाच्या खांद्यावर ग्रीसचा डाग पडला होता.

तुम्ही जे गावाकडे राहिलात त्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनी विसरू नये म्हणून सांगतो. एकुलत्या एक मुलानं दुकानात बसायचं असतं. पाटीवर बापाचं नाव, गल्ल्यावर मुलगा, हा आमच्या घरातला ठरलेला हिशेब. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तो दुकानाच्या उपयोगी पडेल म्हणून नानांनी करू दिला. मला मात्र श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. कोरियन गाड्यांसाठी दरवाजांच्या बिजागऱ्या आणि कुलपं बनवणारा कारखाना. तेव्हा चेन्नईभोवती असे कारखाने भराभर उभे राहत होते आणि महाराष्ट्रातली पोरं थव्याथव्यानं तिकडे चालली होती. मी गेलो याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. मी गेल्यावर वर्षभरात नानांनी दुकान आवरलं. फोनवर एवढंच म्हणाले, "पाटी उतरवली. नाव चालवायला कोण नाही." त्यानंतर मी फोन केला की ते "आईला देतो" म्हणायचे.

आता माझ्या नावाचं काय झालं ते ऐका. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटावर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग बापाचं. कदम प्रशांत वसंत. तमिळ माणसाचं उलटं असतं. गावाचं आणि बापाचं आद्याक्षर पुढे, आणि स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी. आडनाव ही भानगडच नाही. कारखान्याच्या ऑफिसातल्या बाईंनी माझं सर्टिफिकेट पाहिलं, शेवटचा शब्द माझा धरला आणि पुढच्या दोघांची अक्षरं केली. माझ्या गळ्यात ओळखपत्र आलं ते के. पी. वसंत या नावाचं. वाचून मीच दचकलो. असा कोणीतरी मैलापूरला राहणारा, सकाळी कपाळाला विभूती लावून कॉफी पिणारा गृहस्थ असणार असं वाटलं.

पहिल्या दिवशी मी हसलो. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करा म्हणून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. ती मान होकाराची की नकाराची हे मला तेव्हा कळत नव्हतं. तोवर पगाराचं खातं त्याच नावानं उघडलं होतं, बसच्या यादीत तेच नाव होतं, आणि फाटकावरचा वॉचमन रोज सकाळी "वणक्कम, वसंत सार" म्हणायला लागला होता. आमच्या बार्शीत भांडणात कोणी बाप काढला की हात उगारला जातो. इथे हा भला माणूस रोज सलाम ठोकून माझा बाप काढत होता. महिन्याभरात मी त्या नावाला ओ देऊ लागलो. घरी मात्र हे कधी सांगितलं नाही. दुकानावरचं नाव उतरलेलं असताना, इकडे सगळे मला तुमच्याच नावानं हाक मारतात, हे नानांना सांगणं म्हणजे थट्टा झाली असती.

सुरुवातीला तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये राहिलो. मॅन्शन म्हणजे बंगला नव्हे, सड्या माणसांनी भरलेली खोल्यांची चाळ. नंतर वेस्ट मांबलमला माधवरावांच्या घरी वरच्या मजल्यावर जागा मिळाली. माधवराव तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले मराठी. बँकेत परकीय चलनाच्या खिडकीवर उभी हयात घालवून निवृत्त झालेले. त्यांची मराठी ऐकून पहिल्यांदा मला वाटलं, एखादी जुनी बखर वेष्टी नेसून बोलते आहे. "या, बैसा," म्हणाले. "भाडें उदंड नको आम्हांस. पाणी तेवढें जपून वापरा, सेरी?" सेरी म्हणजे बरं का, आणि मला ते तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचं स्वतःचं नाव टी. आर. माधव राव. आडनाव काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "होतें की कधी. वाटेंत कुठें सांडलें, कळेना."

तिसऱ्या वर्षी कंपनीनं मला उल्सानला प्रशिक्षणासाठी निवडलं. कोरियाला पहिली तुकडी जाणार आणि परत येऊन नव्या असेंब्ली लाइनी त्याच लोकांच्या हाती येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या जागी जायला सेल्वम नावाचा मित्र बॅग भरून तयार होता, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पासपोर्ट मी पूर्वीच पुण्याहून काढलेला. त्यावर सगळं जागच्या जागी होतं, आडनाव कदम, नाव प्रशांत वसंत. मग निघायच्या आठवड्यात परदेशातल्या खर्चाचं कार्ड आलं. कंपनी तीन महिन्यांचा सगळा भत्ता त्यात डॉलरमध्ये आधीच भरून देणार होती. निळं, चकचकीत, आणि त्यावर उठावाच्या अक्षरांत K P VASANT.

मॅनेजरांनी पासपोर्ट आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवलं आणि त्यांचा चेहरा पडला. "हॉटेलवाले पासपोर्ट मागतील, मग कार्ड मागतील. दोन नावं दिसली तर?" बँकेला विचारलं. नवं कार्ड मिळेल म्हणाले, पण आधी नोकरीच्या नोंदीत नाव बदला, मग खात्यात, मग अर्ज. विमान शुक्रवारी होतं. मॅनेजर म्हणाले, गुरुवारपर्यंत सोय झाली नाही तर सेल्वम जाईल, तू पुढच्या तुकडीत.

त्या संध्याकाळी मी माधवरावांच्या ओसरीवर माझी सगळी दौलत मांडली. एक ते निळं कार्ड. दुसरं क्रेडिट कार्ड, अण्णा नगरच्या एका चौकात टेबल टाकून बसलेल्या पोरानं गळ्यात मारलेलं. त्यावर मात्र नीट PRASHANT KADAM होतं, कारण अर्ज मी स्वतः भरला होता. तिसरं पगाराच्या खात्याचं, तेही वसंतरावांचंच. माधवरावांनी चष्मा पुसला. आयुष्यभराच्या कामाला निवृत्तीनंतर पुन्हा गिऱ्हाईक आलं होतं आणि त्यांना घाई नव्हती.

"क्रेडिट कार्ड नांवाला बरोबर आहे," ते म्हणाले, "पण तिकडे घासलेंस की दरांत बँक आपला वाटा कापते, आणि याची मर्यादा तरी केवढी? आठवड्यांत संपेल. हें अडचणीला ठेव. पगाराचें कार्ड तिकडच्या यंत्रांत घालशील तर दर वेळीं शुल्क. आणि तिकडे सगळीं यंत्रें बाहेरचें कार्ड घेतच नाहींत, निराळीं असतात, पाहून घाल. ट्रॅव्हलर्स चेक घेशील तर दर वेळीं सही, दर वेळीं बँकेची रांग. तो काळ गेला, तंबी. भरलेलें कार्डच बरें. दर आजच ठरला, पुढें डॉलर नाचो की पडो."

"पण नाव, माधवराव?"

त्यांनी पासपोर्ट उघडला, बोट फिरवलं. "हें काय, वसंत आहे की इथें. क आहे, प आहे, वसंत आहे. कुठला परका माणूस घातला यांत? बँकेकडून एक पत्र घे, दोघे एकच म्हणून. आणि कार्ड देतांना असा चोरासारखा चेहरा करूं नको. आपल्या बापाचें नांव आहे. अय्यय्यो, दुसऱ्याचें नव्हे!"

खरं सांगायचं तर पत्रापेक्षा त्या शेवटच्या वाक्यानं माझं काम केलं. तीन वर्षं मी ते नाव चुकून अंगावर पडलेल्या दुसऱ्याच्या शर्टासारखं वापरत होतो. गुरुवारी सकाळी मी पत्र घेऊन मॅनेजरांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, मी हेच कार्ड घेऊन जातो, अडलं तर जबाबदारी माझी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं आणि तिकीट हातात दिलं. सेल्वमनं मला एक लोकरीची टोपी दिली. ती अजून आहे.

उल्सानच्या हॉटेलात पोचलो तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी होती आणि रिसेप्शनवर एक बाई होत्या. पासपोर्ट दिला. अनामत रकमेसाठी निळं कार्ड दिलं. त्यांनी एका हातात हे धरलं, दुसऱ्या हातात ते, आणि थांबल्या. मी कोटाच्या खिशातल्या पत्राकडे हात नेला. माझी तुकडी मागे रांगेत उभी होती, आणि सगळ्यांना माहीत होतं की घोटाळा होणार तर इथेच.

बाईंनी कार्डावर बोट ठेवलं. "K, Kadam?" मी हो म्हणालो. बोट पुढे सरकलं. "P, Prashant. Vasant." मग त्या मान वर करून हसल्या आणि तुटक इंग्रजीत म्हणाल्या, घराण्याचं नाव आधी, आमच्यासारखंच. पत्र खिशातच राहिलं. यंत्रातून चिठ्ठी निघाली, मी सही केली, आणि त्या म्हणाल्या, "वेलकम, मिस्टर कदम."

बार्शी सोडल्यापासून मला कोणी कदम म्हणालं नव्हतं. चेन्नईला माझं नाव उलटं वाचून झालं होतं, आणि ते सरळ वाचणारी माणसं भेटली ती थेट कोरियात. मला भरून आलं, उगाच कशाला लपवू. मागून कोणीतरी तमिळमध्ये विचारलं, "काय झालं, वसंत?" आणि मी म्हणालो, "चाललं."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून, अर्थात त्याच कार्डावर, फोनचं कार्ड घेतलं आणि घरी फोन लावला. नानांनी उचलला. "पोचलास? थांब, आईला देतो."

"नाना, थांबा. तुमच्याशीच बोलायचंय."

मग सगळं सांगितलं. सर्टिफिकेट, वॉचमन, के. पी. वसंत, निळं कार्ड, बाईंचं बोट.

"म्हंजे," नाना सावकाश म्हणाले, "तीन वर्सं झाली, तिथली सगळी तुला वसंत म्हणत्यात?"

"हो."

"आणि तू ओ देतूस?"

"देतो."

मग त्यांनी दुकानदाराच्या सुरात विचारलं, "आन तिथं, कोरियात, चालतंय का आपलं नाव?"

"सगळीकडे चालतंय, नाना. बाजारातल्या बायका तेवढ्या रोख मागतात."

नाना हसले. दुकान बंद झाल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मग त्यांनी मला, किती डिग्री थंडी आहे इथपासून कोरियात सायकली कुठल्या कंपनीच्या आहेत इथपर्यंत सगळं विचारलं, आणि फोनचं कार्ड संपेपर्यंत आईला फोन मिळालाच नाही.

परत आल्यावर असेंब्ली लाइन मिळाली. सेल्वम पुढच्या तुकडीतून जाऊन आला, आता आम्ही शेजारच्या शेडमध्ये आहोत. नावाची दुरुस्ती करून घ्यायची का, असं ऑफिसनं मग स्वतःहून विचारलं. मी नको म्हणालो. निळ्या कार्डाची मुदत संपली तेव्हा बँकेनं कापून टाका म्हणून कळवलं होतं. मी ते बार्शीला नेऊन नानांना दिलं. त्यांनी उठावाच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि ग्रीसच्या डबीबरोबर खिशात ठेवलं.

आता हिवाळ्यात नाना आणि आई माझ्याकडे मांबलमला राहायला येतात, गुडघ्याला इथली हवा मानवते. माधवरावांच्या ओसरीवर दोन म्हातारे दोन तऱ्हेच्या मराठीत भांडतात आणि दोघांनाही निम्मंच कळतं. नाना गल्लीतल्या पोरांच्या सायकली फुकट दुरुस्त करतात. घर म्हणजे बार्शी की चेन्नई, असं गावाकडे गेलो की तुम्ही विचारता, आणि मी उत्तर देत नाही म्हणून तुम्हाला वाटतं पोरगं बदललं. तर उत्तर असं आहे. रविवारी सकाळी खालून कोणीतरी "वसंत सार!" म्हणून हाक मारतं. कुरिअरवाला असतो, नाहीतर चेन पडलेलं एखादं पोर. मी आतून "ओ" देतो, आणि माझ्याआधी गॅलरीतून नानांचा "ओ" गेलेला असतो.