बँडचं नाव परत मागायला गेलो होतो

मंडळी, आज मानकोलीला आमच्या जुन्या रॉक बँडचा शो होता. माणसं बदलत बदलत आता त्यात आमच्यातलं कोणीच उरलेलं नाही. मग नाव तरी आमचं कशाला? तेच सुनवायला गेलो होतो.

त्यांनी आमचं पहिलं गाणं घेतलं आणि मध्येच सगळे थांबले. मी चमकलोच. तिथे आमच्या इम्रानचं ड्रमचं पेडल दर वेळी निसटायचं. तो बसवेपर्यंत आम्ही थांबायचो. इम्रान दुबईला जाऊन जमाना झाला.

नंतर गाणाऱ्या पोरीला विचारलं, "तिथे का थांबता गं?"

"माहीत नाही दादा. आधीच्यांनी सांगितलंय, इथे थांबायचंच."

इम्रानला व्हिडिओ पाठवला. आत्ता रिप्लाय आला: "अबे, ये लोग अब भी मेरे लिए रुकते हैं?"

सांगा, आता कुठल्या तोंडाने नाव परत मागू?