अक्कांच्या खिडकीवर सगळ्यांची नजर

अपार्टमेंटच्या मीटिंगमधून ठराव निघतो एखादाच, किस्से मात्र पोत्यानं. नव्वदच्या दशकात मी बेंगळुरात, हेब्बाळच्या आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे माझ्याकडे पोतं जरा मोठंच आहे.

सुरुवात झाली तळमजल्यावरच्या निर्मलाअक्कांपासून. अक्का एकट्या राहायच्या. भर दुपारी त्या देवळात गेलेल्या असताना मागच्या खिडकीतून चोर शिरला आणि पितळेची भांडी घेऊन गेला. मुलगा शहराबाहेर, होसकोट्याच्या कारखान्यात. त्यानं फोनवरच फर्मान काढलं, "फ्लॅट विकून टाक आणि माझ्याकडे ये." घाबरलेल्या अक्का हो म्हणाल्या.

आम्हाला फार वाईट वाटलं. बिल्डिंगमधलं एकही बाळंतपण, एकही आजारपण अक्कांशिवाय पार पडलं नव्हतं. त्यांना थांबवायचं तर बिल्डिंगमध्ये चोर फिरकता कामा नये, असं ठरलं.

*

आमचे प्रेसिडेंट तुकोजीअण्णा. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातले. म्हणाले, "कंपाउंडची भिंत स्वल्प वाढवू या, सगळं सरी होतं, एकदम ठीक."

अण्णांचं स्वल्प म्हणजे डोक्याच्याही वर! महिन्याभरात चोर पुन्हा आला. भिंतीआड निवांत बसून त्यानं अक्कांच्या मागच्या दाराचं कुलूप तोडलं आणि मिक्सर नेला. रस्त्यावरून कुणाला काही दिसलंच नाही.

पंचनाम्याला आलेले इन्स्पेक्टर भिंतीकडे बघत म्हणाले, "चोराला एवढा चांगला आडोसा कुणी बांधून दिला?"

पुढच्या मीटिंगला अण्णांना अचानक ताप आला.

*

ताप उतरल्यावर अण्णांनी नवी टूम काढली. तळमजल्याच्या सगळ्या खिडक्यांखाली काटेरी बोगनवेल! वेल फोफावली आणि एका रविवारी सकाळी वॉचमन जोरजोरात शिट्टी फुंकायला लागला. चोर सापडला म्हणून अख्खी बिल्डिंग काठ्या घेऊन धावली.

वेलीत अण्णा अडकलेले! किल्ली विसरायची आणि आपल्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत जायचं, हा त्यांचा जुना नेम. त्यासाठी तिथलं ग्रिल त्यांनी मुद्दाम सैल ठेवलेलं.

"अण्णा, आत जाताय की बाहेर येताय?" मी विचारलं.

"आधी लुंगी सोडव, मग चौकशी कर!"

*

शेवटी सूत्रं कुलकर्णीनं हातात घेतली. पुण्याहून नुकताच आलेला, सॉफ्टवेअरमधला पोरगा. म्हणाला, "अण्णा, बेसिक डिझाइनच चुकतंय. चोर भिंतीला घाबरत नाही, लोकांच्या नजरेला घाबरतो. येणारा-जाणारा दिसला पाहिजे, सिंपल!"

भिंत कमरेएवढी झाली, वर जाळी आली. वेल छाटली, मागच्या वाटेवर दिवा लागला आणि अक्कांच्या खिडकीसमोर दगडी बाक बसला. बाकावर अण्णांसकट सगळी पेन्शनर मंडळी पेपर घेऊन ठाण मांडून बसायला लागली. चोर फिरकेना.

काही दिवसांनी अक्का तावातावानं माझ्याकडे आल्या. "चोर दोनदाच आला रे! हे रोज येतात, आणि आज भाजी काय केली म्हणून विचारतात!"

पण चोरीनंतर बंद केलेली ती खिडकी आता उघडी असायची आणि तिच्यातून बाकावर कॉफी जायची. जायचं ठरलेलं मात्र कायम होतं. "मुलाला शब्द दिलाय," अक्का म्हणायच्या.

*

मग जायचा दिवस आला, आम्हाला कुणाला न कळवता. सकाळी बाकावरच्या मंडळींना दिसलं, एक दाढीवाला माणूस अक्कांचं कपाट टेम्पोत चढवतोय. अण्णा गरजले, "येऽ, निल्लु! थांब!" पेन्शनरांनी त्याला घेरलं, कुलकर्णीनं गेट लावलं.

"अहो, मी मुलगा आहे त्यांचा! सुरेश!"

आता आली पंचाईत. कारखान्याच्या शिफ्टमुळे सुरेश वर्षानुवर्षं फिरकलेला नव्हता, आणि आमच्यातल्या कुणीच त्याला दाढीत पाहिलेलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "मुलगा असशील तर आईच सांगेल." आणि त्यांनी खिडकीतून हाक मारली, "अक्का, ह्याला ओळखता का हो?"

अक्का खिडकीत आल्या. टेम्पोतल्या कपाटाकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, मग त्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"नाही बाई, मी नाही ओळखत. सामान होतं तिथं ठेवून घ्या त्याच्याकडून." आणि आत वळता वळता म्हणाल्या, "आणि जेवल्याशिवाय सोडू नका. भरली वांगी केलीत, त्याला फार आवडतात!"